प्री-मेडसाठी कॉलेज निवडताना: नावाला किती किंमत द्यावी?

अमेरिकेत वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला डॉक्टर व्हायचंय’ असे जाहीर केले की मराठी घरात आनंदाच्या पाठोपाठ गोंधळही शिरतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात महाराष्ट्रातील चौकट पक्की बसलेली असते: बारावी, नीट, सरकारी कॉलेजात नंबर लागला तर उत्तम, नाहीतर खासगी कॉलेजच्या फीची तजवीज. त्या चौकटीत एकदा प्रवेश मिळाला की डॉक्टरकीचा रस्ता खुला होतो. अमेरिकेत मात्र आधी चार वर्षांची बॅचलर्स पदवी, मग स्वतंत्र अर्ज करून चार वर्षांचे मेडिकल स्कूल आणि त्यानंतर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण) असा लांबचा प्रवास आहे. मुलीच्या निमित्ताने आमचे घर या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यातून गेले आणि ती आता मेडिकल स्कूलमध्ये शिकते आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत ओळखीचे पालक त्याच त्या शंका विचारतात, म्हणून सगळे क्रमवार लिहून काढत आहे.

माझे मत आधीच सांगते. हिशेब चार वर्षांचा नसून आठ वर्षांचा आहे, आणि नाव ही गोष्ट निरर्थक नसली तरी तिला डॉलरमध्ये किंमत लावल्याशिवाय ती विकत घेऊ नये.

१. ‘प्री-मेड’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

प्री-मेड ही पदवी नाही आणि बहुतेक ठिकाणी तो मुख्य विषयही नसतो. मेडिकल स्कूलला अर्ज करण्यापूर्वी पूर्ण करायच्या विषयांची ती यादी आहे: प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, थोडे गणित किंवा संख्याशास्त्र आणि इंग्रजी. एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेश परीक्षेसाठी मानसशास्त्र व समाजशास्त्रही लागते. हे विषय जवळपास प्रत्येक चार वर्षांच्या कॉलेजात शिकवले जातात. इतिहास किंवा संगीत मुख्य विषय घेऊनही मुले डॉक्टर होतात.

मेडिकल स्कूल काय पाहते? जीपीए, म्हणजे कॉलेजातील श्रेणींची सरासरी, त्यातही विज्ञान विषयांचा वेगळा काढलेला जीपीए. एमकॅट, जिचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात. रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभव, डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम पाहणे (शॅडोइंग), संशोधन, समाजसेवा, शिफारसपत्रे आणि मुलाखत. एम.डी. (अमेरिकेत ही डॉक्टरकीची मूळ पदवी) अभ्यासक्रमांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ च्या घरात असतो. या अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी ५० हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. म्हणजे अर्जापर्यंत पोहोचलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जण त्या वर्षी बाहेर राहतात, आणि पहिल्या वर्षी स्वतःला प्री-मेड म्हणवणारी बरीच मुले अर्जापर्यंत पोहोचतच नाहीत. ‘डॉक्टर झाल्यावर फिटेल’ या भरवशावर बॅचलर्ससाठी मोठे कर्ज काढण्यातला सगळ्यांत मोठा धोका हाच आहे. डॉक्टरकी हुकली तरी हप्ते हुकत नाहीत.

२. इमिग्रेशनचा दर्जा सर्वांत आधी तपासा

मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर ही पायरी ओलांडून पुढे जा. एच-४ वर, म्हणजे पालकांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल, तर कॉलेजांची यादी करण्यापूर्वी इथे थांबा, कारण पुढचे बरेचसे गणित यावरच बदलते.

एच-४ वरील विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे अनुदान किंवा कर्ज मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपते आणि बहुतेकांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. आज राज्याच्या विद्यापीठात इन-स्टेट, म्हणजे रहिवाशांसाठीचा कमी दर मिळत असला तरी दर्जा बदलल्यावर तो टिकेल का, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून रजिस्ट्रारकडून लेखी उत्तर घ्या. त्याहून गंभीर बाब पुढे आहे. अनेक मेडिकल स्कूल नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याखेरीज इतरांचे अर्ज स्वीकारतच नाहीत, आणि जी स्वीकारतात त्यांतील काही जण अनेक वर्षांची फी आगाऊ ठेव म्हणून मागतात. ग्रीन कार्डच्या रांगेत मुलाचे वय कसे मोजले जाईल, हे वकिलाला चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन कायद्याचा संदर्भ देऊन स्पष्ट विचारा.

अशा मुलांसाठी नावाचा प्रश्न थोडा उलटा होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी या विद्यापीठांत नागरिकत्व न पाहता गरजेइतकी पूर्ण मदत दिली जाते. तिथे प्रवेश मिळाला, तर एच-४ वरील विद्यार्थ्याला ती राज्याच्या विद्यापीठाहून स्वस्तही पडू शकतात.

३. आठ वर्षांचा ताळेबंद मांडा

एक कोरी स्प्रेडशीट उघडा आणि आठ ओळी आखा: चार कॉलेजच्या, चार मेडिकल स्कूलच्या. कॉलेज आणि मेडिकल स्कूल यांच्यामध्ये एक-दोन वर्षे जाणे आता इतके सर्रास झाले आहे की एक ओळ त्या मधल्या वर्षासाठीही ठेवा.

आपल्याच राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाचा राहण्या-जेवण्यासह खर्च वर्षाला साधारण ३० ते ४५ हजार डॉलर येतो. नामांकित खासगी विद्यापीठाचा जाहीर खर्च आता ९० हजारांच्या आसपास पोहोचला आहे. मदत अजिबात मिळाली नाही असे धरले, तर चार वर्षांचे आकडे ३५ हजारांच्या हिशेबाने १ लाख ४० हजार आणि ९० हजारांच्या हिशेबाने ३ लाख ६० हजार होतात. फरक २ लाख २० हजारांचा.

आता खालच्या चार ओळी भरा. मेडिकल स्कूलच्या चार वर्षांचा एकूण खर्च सार्वजनिक संस्थेत पावणेतीन-तीन लाखांच्या आणि खासगी संस्थेत चार लाखांच्या आसपास जातो. पूर्वी ग्रॅड प्लस या केंद्रीय कर्जातून हा पूर्ण खर्च भागवता येत असे. २०२५ च्या जुलैमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस १ जुलै २०२६ पासून बंद केले, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार व एकूण २ लाख डॉलर ठेवली. पालकांच्या नावावरील पॅरेंट प्लस कर्जालाही वर्षाला २० हजार आणि प्रत्येक मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आली.

याचा अर्थ असा की ९०-१०० हजार वार्षिक खर्चाच्या मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, तर दरवर्षी ४०-५० हजार डॉलर घरातून किंवा खासगी कर्जातून उभे करावे लागतील, आणि खासगी कर्जाला बहुधा पालकांची हमी लागेल. चार वर्षांची ही तूट १ लाख ६० हजार ते २ लाख होते. वरच्या चार ओळींत स्वस्त कॉलेज निवडून वाचलेली रक्कमही जवळपास तेवढीच आहे. ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यात साठवलेले पैसे मेडिकल स्कूललाही वापरता येतात, त्यामुळे ते पहिल्या चार वर्षांतच संपवायचे की पुढच्या चारसाठी राखायचे, हा निवडीचा खरा प्रश्न आहे. २०१८ पासून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या (एनवाययू) ग्रॉसमन मेडिकल स्कूलने आणि २०२४ मध्ये अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेजने सर्वांची फी माफ केली, जॉन्स हॉपकिन्सने ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांची केली; पण तिथे जागा मिळेल असे धरून ताळेबंद मांडू नका.

आणखी एक ओळ बहुतेक जण विसरतात, ती अर्जाच्या खर्चाची. एमकॅटची फी साडेतीनशे डॉलरच्या आसपास असते, तिच्या तयारीचा खर्च वेगळा, आणि वीस-पंचवीस संस्थांचे प्राथमिक व दुय्यम अर्ज धरले तर आकडा सहज काही हजारांवर जातो.

४. जाहीर खर्च बाजूला ठेवा, तुमच्या घरासाठीचा खर्च काढा

केंद्रीय मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात उत्पन्न, बचत आणि घरातील माणसे भरली की अंदाजे खर्च समोर येतो. अकरावीच्या सुट्टीत, यादी करण्यापूर्वी, एक संध्याकाळ यासाठी द्या.

इथे पालकांना दोन प्रकारचे धक्के बसतात. पहिला सुखद असतो. आयव्ही लीग या गटातील हार्वर्ड, येलसारखी विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त गरजेवर मदत देतात, पण ती भरघोस असते. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांची शिकवणी फी माफ केली आहे, एमआयटीनेही तशीच मर्यादा ठेवली आहे. एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला अशी विद्यापीठे राज्याच्या विद्यापीठाहून स्वस्त पडू शकतात, आणि मग नाव की खर्च हा वाद उरतच नाही. दुसरा धक्का नवरा-बायको दोघेही आयटीत असलेल्या घरांना बसतो. उत्पन्न ३ लाखांच्या पुढे असले की मदत जवळजवळ शून्यावर येते, पण ९० हजार दरवर्षी सहज बाजूला काढता येतील इतकी शिल्लकही नसते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

अशा घरांनी गुणवत्तेवर पैसे देणारी विद्यापीठे शोधावीत. अलाबामा विद्यापीठ नॅशनल मेरिट या देशपातळीवरील शिष्यवृत्ती स्पर्धेच्या अंतिम फेरीतील विद्यार्थ्यांना पूर्ण शिकवणी फी आणि राहण्याची मदत देते. जॉर्जियातील झेल मिलर आणि फ्लोरिडातील ब्राइट फ्युचर्स या योजनांमुळे तिथल्या रहिवाशांना राज्याच्या विद्यापीठाची शिकवणी फी जवळपास पूर्ण माफ होऊ शकते. कोणते कॉलेज किती जणांना सरासरी किती शिष्यवृत्ती देते, हे त्याच्या ‘कॉमन डेटा सेट’ या कागदपत्रातील एच विभागात सापडते.

भारतातील मालमत्तेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. तुम्ही राहता ते घर फाफ्सा या केंद्रीय मदतीच्या अर्जात धरले जात नाही, पण तुमच्या नावावर असलेला पुण्यातील फ्लॅट मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. सीएसएस प्रोफाइल हा मदतीसाठीचा वेगळा अर्ज मागणारी खासगी कॉलेजे याहून खोलात शिरतात. शिवाय मदतीसाठी पाहिले जाणारे उत्पन्न दोन वर्षांपूर्वीच्या कर विवरणपत्रातले असते. २०२७ च्या शरद ऋतूत प्रवेश घ्यायचा असेल, तर २०२५ चे उत्पन्न, म्हणजे मूल दहावीच्या उत्तरार्धात आणि अकरावीच्या पूर्वार्धात असतानाचे. नेमक्या त्याच वर्षी गावाकडची जमीन विकली, तर तो नफा उत्पन्नात धरला जाऊन मदत आटते. विक्री पुढे-मागे करता येत असेल, तर हे आधी लक्षात घ्या. दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असण्याचा जो फायदा पूर्वी फाफ्सात मिळे, तो २०२४-२५ पासून गेला आहे, पण सीएसएस वापरणारी अनेक कॉलेजे तो अजून देतात.

५. नाव कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही

नामांकित विद्यापीठाचे फायदे खरे आहेत. स्वतःचे मेडिकल स्कूल आणि रुग्णालय आवाराला लागून असेल, तर प्रयोगशाळेत काम मिळणे सोपे जाते, शिफारसपत्र देणारे प्राध्यापक क्षेत्रात ओळखीचे असतात, आणि काही खासगी मेडिकल स्कूल कॉलेजच्या नावाकडे नक्कीच पाहतात. मुलाने दुसऱ्या वर्षी डॉक्टरकीचा विचार सोडून अर्थक्षेत्र किंवा कन्सल्टिंगकडे मोर्चा वळवला, तर नावाचा उपयोग कितीतरी जास्त होतो. माझ्या मते नावासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, आणि गंमत अशी की त्याचा डॉक्टरकीशी काहीही संबंध नाही.

तोटेही खरे आहेत. ॲमकॅस ही अर्ज यंत्रणा जीपीए मोजताना कॉलेज किती अवघड होते याचे वेगळे गुण देत नाही. प्रिन्स्टनने २००४ ते २०१४ या काळात ‘ए’ श्रेणीचे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे धोरण राबवले होते. तिथला ‘बी प्लस’ ॲमकॅसच्या आकड्यात ‘बी प्लस’च राहत असे. प्रवेश समिती संदर्भ पाहते हे खरे, पण ३.४ जीपीएला ३.८ मानण्याइतकी उदार ती नसते. म्हणून ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गातील मधल्या विद्यार्थ्याला कोणती श्रेणी मिळते, हा प्रश्न कॉलेजच्या क्रमवारीपेक्षा महत्त्वाचा आहे. तो तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, कारण कॅम्पस दाखवणारे त्याचे उत्तर गोड करून देतात.

एम.डी.साठी सर्वाधिक अर्जदार पाठवणाऱ्या विद्यापीठांत यूसीएलए, टेक्सास-ऑस्टिन, मिशिगन आणि फ्लोरिडा ही मोठी सार्वजनिक विद्यापीठे वर असतात. हा आकडा अर्जदारांचा आहे, यशस्वी झालेल्यांचा नव्हे. तरीही सार्वजनिक विद्यापीठातून जाणे ही आडवाट नाही, एवढे त्यातून दिसते.

राहते राज्य मात्र जपा. सार्वजनिक मेडिकल स्कूल आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांना झुकते माप देतात. टेक्सासमध्ये तर कायद्यानेच बाहेरच्यांना १० टक्क्यांपर्यंत जागा आहेत. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाण्याचा विचार असेल, तर त्याचा परिणाम मुलाच्या मेडिकल प्रवेशावरही होतो.

६. कॉलेजला थेट विचारायचे प्रश्न

‘आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना मेडिकल स्कूलमध्ये प्रवेश मिळतो’ हे वाक्य माहितीपत्रकांत फार दिसते. काही कॉलेजे समितीचे एकत्रित शिफारसपत्र देतात, आणि कमी जीपीए असलेल्यांना ते नाकारतात किंवा अर्ज न करण्याचा सल्ला देतात. गाळून उरलेल्यांतले ९० टक्के असतील, तर त्या आकड्याला अर्थ नाही. आम्ही एका कॉलेजच्या सल्लागार कार्यालयात विचारले, ‘हे ९० टक्के कितीजणांतले?’ बाईंनी आधी फोल्डर बंद केले आणि मग सांगितले की तशी आकडेवारी त्या देत नाहीत. ते कॉलेज आमच्या यादीतून त्याच संध्याकाळी गेले.

विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून नाव नोंदवणारे किती आणि शेवटी अर्ज करणारे किती? समितीपत्रासाठी किमान जीपीए आहे का? एका सल्लागारामागे किती विद्यार्थी? पदवीनंतर वर्षभराने अर्ज केला तरी मदत मिळते का? बसने पोहोचता येईल असे रुग्णालय किती अंतरावर आहे?

७. अर्ज करताना टाळायचे सापळे

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला मुदतीआधी केलेला अर्ज, बंधनकारक असते. प्रवेश मिळाला की इतर सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि मदतीची तुलना करण्याची संधी जाते. खर्च हा तुमच्यासाठी निर्णायक मुद्दा असेल, तर त्या वाटेने जाऊ नका.

हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घेतले असतील, तर त्यांच्या श्रेणीही पुढे ॲमकॅसच्या जीपीएत धरल्या जातात. एकदा घसरलेला विषय पुन्हा दिला, तरी दोन्ही श्रेणी मोजल्या जातात. हायस्कूलमधील एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षांच्या गुणांवर विज्ञानाच्या विषयांतून सूट घेणेही जपून करा, कारण काही मेडिकल स्कूल ते ग्राह्य धरत नाहीत.

बॅचलर्स आणि मेडिकल एकत्र देणाऱ्या बीएस-एमडी अभ्यासक्रमांचे आपल्या लोकांना फार आकर्षण असते. ब्राउनचा आठ वर्षांचा, मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचा सहा वर्षांचा आणि टीसीएनजे या न्यू जर्सीतील कॉलेजचा सात वर्षांचा अभ्यासक्रम ही त्याची उदाहरणे. जागा सुरक्षित होते, वर्षे वाचू शकतात. मात्र जीपीएची अट काय, एमकॅट लागते का, बाहेर अर्ज केल्यास जागा जाते का आणि शिष्यवृत्ती मेडिकलच्या वर्षांनाही लागू होते का, हे लेखी घ्या. सतराव्या वर्षी केलेली निवड मुलाची आहे की आपली, हेही एकदा शांतपणे विचारून पाहा.

८. मदतपत्र ओळीओळीने वाचा

मार्चअखेर मदतपत्रे येतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक कॉलेजची वेगळी असते. आमच्याकडे आलेल्या एका पत्राच्या तळाशी ‘उरलेली देय रक्कम: ०’ असे ठळक छापले होते. वर पाहिले तर त्या शून्यात पॅरेंट प्लसचे ३० हजारांहून अधिक कर्ज आणि मुलीने कॅम्पसवर करायच्या कामाची मजुरी मिळवलेली होती. म्हणून प्रत्येक पत्र स्वतःच्या तक्त्यात उतरवा: एकूण खर्चातून फक्त अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करा, उरेल तो तुमचा खर्च. कर्ज आणि कामाचे पैसे त्यात मिसळू नका.

शिष्यवृत्ती चारही वर्षे आहे का आणि ती टिकवायला किती जीपीए हवा, हे पाहा. ३.५ ची अट इतर विषयांत किरकोळ वाटते, पण प्री-मेडच्या पहिल्या वर्षी ती जड जाऊ शकते. फी दरवर्षी वाढते, शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा तेवढीच राहते. आई-वडिलांना भारतात दरमहा पाठवले जाणारे पैसे, आजारपण किंवा गेलेली नोकरी यांचे कागद जोडून फेरविचाराचा अर्ज करता येतो. खासगी कॉलेजे कधीकधी दुसऱ्या कॉलेजची ऑफर पाहून रक्कम वाढवतात. मागण्यात कमीपणा नाही, पण पत्र विनम्र आणि एका पानाचे असावे.

९. हाताशी ठेवायची कागदपत्रे आणि साधने

- विद्यार्थी आणि पालक यांची फाफ्साची स्वतंत्र खाती (फाफ्सा आणि सीएसएस प्रोफाइल एरवी १ ऑक्टोबरला खुले होतात)
- दोन वर्षांपूर्वीचे १०४० हे कर विवरणपत्र आणि सर्व डब्ल्यू-२ (पगाराची प्रमाणपत्रे)
- बँक, शेअर आणि ५२९ खात्यांची ताजी विवरणे. भारतातील एनआरई-एनआरओ खात्यांचीही
- घराच्या कर्जाची शिल्लक, भारतातील मालमत्तेची अंदाजे किंमत
- ग्रीन कार्ड, किंवा आय-७९७ (व्हिसा मंजुरीची सूचना) आणि आय-९४ (देशातील प्रवेशाची नोंद)
- कॉलेज स्कोअरकार्ड हे केंद्रीय शिक्षण खात्याचे मोफत संकेतस्थळ
- एमएसएआर: मेडिकल स्कूलच्या अटी आणि प्रवेशितांचे गुण देणारी, एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची सशुल्क माहितीसूची

१०. एप्रिलमध्ये निर्णय घेताना

तीन-चार पर्याय उरले की आठ वर्षांच्या तक्त्यात प्रत्येकाचा खरा खर्च भरा. वर्षाला ५ हजारांच्या आत फरक असेल, तर मूल जिथे रमेल तिथे पाठवा. फरक २० हजारांच्या पुढे असेल, तर त्या पैशांत काय वेगळे मिळणार आहे, हे मुलाने कागदावर लिहून दाखवावे. ‘प्रयोगशाळा’ असे लिहिले, तर स्वस्त विद्यापीठातही ती आहे का, ते तपासा. ‘नाव’ एवढेच लिहिले असेल, तर ते ८० हजारांचे नाव ठरते. फरक यांच्या मध्ये असेल, तर ५२९ खात्यातील शिल्लक आणि धाकट्या भावंडाचे वय पाहून ठरवा.

हे बोलणे घरातल्या घरात ठेवा. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ‘कुठे मिळाली ॲडमिशन?’ असे विचारणाऱ्यांना तुमचा ताळेबंद माहीत नसतो. उत्पन्नाचा आकडा मुलापासून लपवू नका. घरात किती पैसे आहेत हे कळल्यावर बहुतेक मुले आपल्या अपेक्षेपेक्षा समंजस वागतात.

ठेव भरण्याची मुदत बहुतेक ठिकाणी १ मे असते. एकाच कॉलेजात भरा, बाकीच्यांना नकार कळवा, आणि प्रतीक्षा यादीतून नंतर जागा आली तर त्या जागेबरोबर किती मदत मिळणार आहे हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.